गुहेतलं लेकरू

होलपात गावाला पाहुणे येतात ते मेलेली माणसं बघायला. जिवंतांना बघायला एवढ्या उन्हात कोण कशाला तडफडेल? सकाळी शहराकडून पांढरी गाडी येते. आधी रानातली पडकी देवळं, मग गुहा, मग वेन्सेस्लाओच्या परसात जेवण आणि शेवटी जमिनीखालच्या कुंडात डुंबणं. दिवस कलायच्या आत गाडी धुरळा उडवत परत. एका दिवसात हजार वर्षं उरकायची म्हटल्यावर घाई ही होणारच.

वेन्सेस्लाओ त्सब हा या सगळ्याचा गाइड. गाव त्याला वेन्से म्हणतं. बुटका, खांद्यांनी रुंद आणि तोंडाने त्याहून रुंद. बापाची मक्याची शेती त्याला जमली नाही. किनाऱ्यावर हॉटेलांच्या बांधकामावर गेला, तर मुकादमाशी भांडून परत आला. जमलं ते एकच, परक्या माणसांना त्यांच्या मनातल्या गोष्टी रंगवून सांगणं. गावाने सहकारी मंडळ काढलं, गुहेत दिवे बसवले आणि वेन्सेच्या पोटापाण्याची सोय झाली. त्याची बायको रुफिना पाहुण्यांचा स्वयंपाक करायची. त्यांना मूलबाळ नव्हतं.

वेन्सेला एक खोड होती. स्पॅनिशमध्ये स्वागत झालं की दोन्ही हात वर करून तो माया भाषेत चार वाक्यं म्हणायचा. पाहुण्यांना वाटायचं, पूर्वजांचा आशीर्वाद आहे. बिचारे डोळे मिटून घ्यायचे. त्या दिवशीही त्याने हात वर केले आणि पाद्र्यासारख्या आवाजात म्हणाला, "या रे माझ्या गुलाबी डुकरांनो! जरा ऊन खा, नीट भाजा. मग केळीच्या पानात गुंडाळून खड्ड्यात शिजायला पुरतो तुम्हाला. मीठ घालायला नको, तुमचा घामच पुरे."

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मागून एक बाई फिस्सकन हसली.

"आणि मिरची कुणाच्या परसातली रे, मेल्या?" ती म्हणाली, तीही अस्सल होलपातच्या बोलीत.

वेन्सेचे हात वरच राहिले. बाई जीन्स घातलेली, केस रंगवलेले, डोळ्यांवर काळा चष्मा, हाताशी भलीमोठी बॅग. शहरातली असावी असं तो धरून चालला होता.

"कुणाची गं तू?"

तिने चष्मा काढला. "पेच सुताराची. एउस्तोलिया. एवढी म्हातारी झाले का रे, की तुलाही ओळखू येऊ नये?"

गावाच्या लेखी एउस्तोलिया पेच कधीच मेली होती. कामासाठी सीमा ओलांडून उत्तरेकडे जाताना वाळवंटात बसली ती उठलीच नाही, सोबतच्यांनी तिला तिथेच सोडली, असं एकाने येऊन शपथेवर सांगितलं होतं. गावाने मान्य केलं. वाळवंटात बसलेलं माणूस उठत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कीक!" वेन्से कसाबसा म्हणाला. सख्खी थोरली बहीण नव्हती ती, पण लहानपणापासून तो तिला कीकच म्हणायचा. "अगं, नऊ रात्री प्रार्थना केली आम्ही तुझ्यासाठी!"

"आणि जेवण कुणी घातलं?"

"रुफिनाने."

"म्हणजे लोक उपाशीच गेले असणार." ती हसली आणि मग तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "उठले रे मी. कोणी परत बघायलाच आलं नाही, तर कुणाला सांगणार? आई गेली, बाप गेला, नवरा तर आधीच गेला होता त्या जत्रेतल्या मिठाईवालीबरोबर. कागद नव्हते तोवर येता येत नव्हतं. आता झाले. शहरात विचारलं, होलपातला काय जातं? तर म्हणे बस बंद झाली, आता फक्त ही गाडी. म्हटलं चला, आपलंच गाव तिकीट काढून बघू."

"किती दिवस आहेस?"

"थोडेच. उद्या सकाळी आधी चेन्चोला पुसायचंय. त्याच्यासाठी नवा रुमाल भरून आणलाय, स्वतः भरलाय, डोळे फुटेस्तोवर."

चेन्चोचं नाव ऐकलं आणि वेन्सेने हात सोडवून घेतला. चेन्चोची पेटी दफनभूमीत होती, पण रिकामी. चेन्चो गुहेत होता.

त्याला तिथे ठेवला होता वेन्सेनेच.

चेन्चो म्हणजे क्रेसेन्सिओ, एउस्तोलियाचा एकुलता एक. पुढचे दुधाचे दोन दात पडून नवे दोन अर्धेमुर्धे आले होते, त्या वयात तो कुंडात पडला. आईने पाण्याला धाडला होता. कळशी वर मिळाली, पोर मिळालं नाही. तेव्हा म्हाताऱ्यांनी रीतीप्रमाणे भोपळ्याच्या कवटीत मेणबत्ती लावून ती पाण्यावर सोडली. कवटी फिरत फिरत गेली आणि एका जागी थांबली. तिथे बुडी मारली वेन्सेने. गावात त्याच्याइतकं खोल जाणारं तेव्हा कोणी नव्हतं. दोनदा रिकाम्या हाती वर आला, तिसऱ्यांदा पोराला घेऊन आला.

मग पोराला पुरलं. काही वर्षांनी, होलपातमध्ये सगळ्यांचंच करतात तसं, हाडं वर काढून उन्हात वाळवली. पेच सुताराने नातवासाठी देवदाराची पेटी केली, एउस्तोलियाने रुमालावर नाव भरलं, रुमाल पेटीत अंथरून त्यावर हाडं रचली आणि पेटी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. मेलेले घरी यायचे दिवस जवळ आले की दरवर्षी पेटी काढायची, एकेक हाड ब्रशने झाडायचं, पुसायचं, जुना रुमाल काढून नवा घालायचा. सणाला जिवंतांना नवे कपडे, तसे मेलेल्यांनाही. ज्या पेटीतला रुमाल विटला, कुजला, तिचं पुसणारं कोणी उरलं नाही असं गाव समजतं. त्यासाठी कुणाला विचारायला जावं लागत नाही.

चेन्चोचा रुमाल विटला, मग कुजला. आई मेलेली. एका वादळात कोनाड्यांची एक रांग ढासळली, तेव्हा ठरलं की बेवारशी पेट्यांतली हाडं मागच्या सामाईक खड्ड्यात टाकायची. नेमकं त्याच वर्षी शहरातल्या शास्त्रज्ञांनी गुहेतलं खरं जुनं लेकरू, पावसाच्या देवाला बळी दिलेलं, अलगद उचलून संग्रहालयात नेलं. नेलं ते बरंच केलं, पण पाहुणे कुरकुरू लागले. गुहा झाली, दिवे झाले, लेकरू कुठाय? सहकारी मंडळाचा प्रमुख अबुंदियो डोकेबाज माणूस. म्हणाला, "हाडं ती हाडं. खड्ड्यात जाणारच आहेत, तर गावाच्या उपयोगी पडू देत की." लहान मुलाची बेवारशी पेटी एकच होती.

"खड्ड्यात फेकण्यापेक्षा गुहेत बरं," वेन्से तेव्हा रुफिनाला म्हणाला होता. "निदान रोज कोणीतरी बघेल त्याला." आणि खरंच, दरवर्षी सणाच्या आधी तो गुहेत जाऊन त्या पोराला पुसायचा. एवढ्यावर त्याने स्वतःला माफ करून टाकलं होतं. माणसाला स्वतःला माफ करायला फार काही लागत नाही.

आणि आता पोराची आई त्याच्यासमोर उभी होती, पाण्याची बाटली उघडत होती.

पडक्या देवळांपाशी वेन्से काय बोलला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पायऱ्या मोजताना चुकला, राजाचं नाव चुकला. ड्रायव्हर लांबून हसत होता. एउस्तोलिया मात्र लेक माहेरी आल्यासारखी खुशीत होती. "या दगडावर बसून आपण चिंचा खायचो, आठवतं? आता म्हणे चढायची बंदी! आपल्याच दगडावर!" प्रत्येक दगडापाशी वेन्से मनात म्हणत होता, आता सांगतो. आणि प्रत्येक दगड मागे पडत होता.

गुहेच्या तोंडाशी त्याने तिला बाजूला घेतलं. "कीक, तू आत येऊ नकोस. आत दम कोंडतो, पायऱ्या निसरड्या. तू रुफिनाकडे जाऊन बस, ती वेडी होईल तुला बघून."

"वा रे वा! लहानपणी म्हणायचे, बायकांनी गुहेत जायचं नाही, पाणी आटतं. आता या गोऱ्या बायका अर्ध्या कपड्यात जातात तर नाही वाटतं आटत?" तिने बॅग ड्रायव्हरच्या गळ्यात अडकवली. "चल पुढे."

चोराच्या मनात चांदणं. वेन्सेला वाटलं, ती मुद्दामच आत येतेय, तिला सगळं कळलंय. पण तिला काहीच कळलेलं नव्हतं.

आत गारवा होता, वटवाघळांचा वास होता. शेवटच्या दालनात खडकाच्या एका खोबणीत दिव्याखाली ते पोर ठेवलेलं होतं. कवटी, भोवती रचलेली बारीक हाडं, समोर मातीचं भांडं. भांडं बाजारातलं. पाहुण्यांनी नेहमीप्रमाणे श्वास रोखले आणि वेन्सेला नेहमीची गोष्ट सांगणं भाग पडलं. पाऊस लांबला, मका करपला, देव रागावला. पुजाऱ्यांनी लेकरू मागितलं. रोज या जागी तो आवाज खाली आणायचा, आजही सवयीने आलाच. "आणि लेकराच्या आईने त्याला स्वतः न्हाऊ घातलं, फुलं माळली आणि आपल्या हातांनी पाण्याकडे धाडलं. कारण तो मान होता."

कोणीतरी पुटपुटलं, कोणीतरी फोटो काढला. एउस्तोलिया पुढे सरकली. ती खोबणीपाशी वाकून बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने मायातच विचारलं, "आईने? स्वतः?"

"असं... असं म्हणतात."

"खोटं म्हणतात. तिने कशाला तरी धाडलं असेल, घरच्या कामाला. तिला काय माहीत, परत येणार नाही म्हणून." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती. "एवढंसं तर आहे रे. आणि हे गालावर हिरवं कसलं?"

"दिव्याने येतं. शेवाळासारखं. दिवा ज्या अंगाला असतो त्या अंगाला धरतं."

"पुसतं का याला कोणी?"

"मी पुसतो. वर्षातून एकदा. या वर्षी अजून..."

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली आणि तिने खोबणीच्या कडेला हात टेकून क्रूसाची खूण केली. "कुणाचं का असेना. आई नाही ना याला आता."

वेन्सेला वाटलं, गुहा वरून कोसळावी. गुहा कसली कोसळतेय. पाहुण्यांना वर काढून त्याने जेवायला नेलं.

रुफिना एउस्तोलियाच्या गळ्यात पडून रडली, हसली, पुन्हा रडली. मेलेल्या बाईला जेवायला काय वाढायचं, असं म्हणून तिने तिच्या ताटात मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा घातला. जेवताना एउस्तोलियाने रुमाल काढून दाखवला. पांढऱ्या कापडावर निळे पक्षी आणि मधोमध लाल दोऱ्यात पूर्ण नाव. क्रेसेन्सिओ. रुफिनाने तो हातात घेतला, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि मिरची वाटायचं निमित्त करून ती परसामागे गेली. वेन्से तिच्या मागोमाग.

"सांगितलंस?" तिने विचारलं.

"कसं सांगू?"

"जशी गोष्ट सांगतोस तशीच सांग. एवढं तोंड आहे ना तुला!"

"ती काय करेल माझं?"

"तोंडात मारेल. खा मार. तुझ्या वाट्याचा आहे."

"त्यापेक्षा हे ऐक," वेन्से हळूच म्हणाला. "गाडी गेली की मी त्याला आणतो, पेटीत परत ठेवतो. पेटी आहे तशीच आहे. ती सकाळी येईल, पुसेल, रुमाल घालेल. तिला कळायचं कारणच नाही. कशाला तिचा जीव जाळायचा?"

"हाडांना जीभ नाही म्हणून तुमचं फावतं," रुफिना म्हणाली आणि पाटा-वरवंट्याशी जाऊन बसली. पण नको असंही म्हणाली नाही. एउस्तोलियाच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मोडायची तिचीही छाती होत नव्हती.

कुंडावर पाहुणे धडाधड उड्या मारत होते. छताच्या भोकातून उन्हाचा एक झोत पाण्यात शिरला होता आणि त्या झोतात ती गोरी अंगं मासळीसारखी चमकत होती. एउस्तोलिया वरच्या पायरीवर बसली, खाली उतरली नाही. वेन्से शेजारी उभा राहिला.

"भोपळ्याची कवटी तिथे थांबली होती ना? त्या मुळांपाशी?" तिने बोट दाखवलं.

"जरा अलीकडे."

"मीच धाडलं होतं त्याला. कपडे धुवायचे राहिले होते. तो म्हणाला, आई, खेळून आल्यावर जातो. मी म्हटलं, आत्ता जा." ती पाण्याकडे बघत बोलत होती. "तिकडे लोकांची घरं पुसताना रोज मनात यायचं, पाणी का मागितलं मी? पण एक होतं. पोराची हाडं तरी मिळाली मला. वाळवंटात माझ्यासमोर बायका गेल्या, त्यांच्या आयांना तेही नाही मिळालं. तू नसतास तर मलाही नसतं मिळालं, वेन्से. वाळवंटात मी उठले ती त्याच्यापायीच. म्हटलं, मी मेले तर त्याला पुसणार कोण?"

हे ऐकून एखादा शहाणा माणूस तिथेच पायरीवर तिच्या पाया पडला असता. वेन्सेला ते उमजत होतं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "चल, ऊन उतरलं."

गाडी गेली. एउस्तोलिया रुफिनाच्या दोरीच्या झुल्यात आडवी झाली आणि दमून झोपली. वेन्से आधी अबुंदियोकडे गेला, कारण गुहेच्या फाटकाची किल्ली त्याच्याकडे असायची. ऐकून अबुंदियोने कपाळाला हात लावला.

"मेलेली माणसं अशी न कळवता परत येऊ लागली तर धंदा कसा करायचा?" तो म्हणाला. किल्ली मात्र त्याने दिली. मग विचार करून म्हणाला, "तिथे अजून एखादी तसली पेटी असेल ना? मोठ्या माणसाची का होईना? उद्या गाडी आहे."

"उद्याचं उद्या," वेन्से म्हणाला. त्याला ओरडायचं होतं, पण कोणत्या तोंडाने?

गुहेत तो बॅटरी घेऊन गेला. एकेक हाड त्याने स्वच्छ पोत्यात घातलं. आधी पायांची, मग हातांची, बरगड्या, मणके, सगळ्यात शेवटी कवटी सदऱ्यात गुंडाळून. पाण्यातून काढताना पोर जड लागलं होतं, आता एका हातात मावत होतं. दफनभूमीत पोहोचेतो सूर्य टेकला होता. पेटी उघडली, आत एक कोळिष्टक होतं, ते झाडलं. हाडं रीतीप्रमाणे रचली, लांब खाली, बारीक वर, कवटी मधोमध, तोंड गावाकडे. बाहीने गाल पुसला. अंधारून आलं होतं. पुसलं गेलं असं त्याला वाटलं.

सकाळी दफनभूमीत बरीच माणसं होती. ज्याने त्याने आपापली पेटी काढली होती, कोणी आजीशी बोलत पुसत होतं, कोणी भांडत. एउस्तोलियाने रुमाल मांडीवर पसरला, ब्रश घेतला आणि रुफिनाने पेटी तिच्यापुढे ठेवली. वेन्से भिंतीला टेकून उभा राहिला.

"माझ्या राजा," एउस्तोलिया म्हणाली, "उशीर झाला रे. रागावू नकोस. बघ, पक्षी आणलेत तुझ्यासाठी." ती एकेक हाड उचलत होती, झाडत होती, फडक्याने पुसत होती. "किती स्वच्छ आहे गं, रुफिना! एवढ्या वर्षांची धूळ नाही, काही नाही. तुम्हीच पुसत होता ना? मला न सांगता!"

रुफिना खाली बघत राहिली. वेन्सेने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग तिने कवटी घेतली. कपाळ पुसलं. पुढचे अर्धे आलेले दोन दात अंगठ्याने कुरवाळले. डावा गाल पुसला आणि फडकं उलटून बघितलं. पुन्हा पुसलं, पुन्हा बघितलं. फडक्याला हिरवं लागलं होतं.

तिने वर बघितलं. कोनाड्यांच्या भिंतीवर दिवा नव्हता. तिने कवटी जराशी तिरकी धरली, काल खोबणीत ठेवली होती तशी.

"वेन्से," ती म्हणाली. "काल मी यालाच बघितलं."

तो भिंतीपासून सुटला आणि गुडघ्यांवर आला. "कीक, तू मेलीस असं सांगितलं होतं आम्हाला. खड्ड्यात टाकणार होते. मी म्हटलं..."

"तिकीट काढून आले मी. माझं पोर मला तिकिटात दाखवलंस."

शेजारच्या पेट्यांवरचे हात थांबले. तिथल्या अर्ध्या लोकांना ठाऊकच होतं.

"आणि काय सांगत होतास? रोज? एवढ्या वर्षांत आलेल्या प्रत्येक माणसाला?" तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "की आईनेच धाडलं. पाण्याकडे. आपल्या हातांनी."

"ती जुनी गोष्ट आहे कीक, पुस्तकातली. तुझी नाही."

"माझीच आहे. तुला माहीत होतं ती माझी आहे. कळशी तूच आणून दिली होतीस मला."

वेन्से रडू लागला. त्याने तोंड पुढे केलं, रुफिनाने सांगितल्याप्रमाणे मार खायला. एउस्तोलियाने हात उचलला नाही. ती पुन्हा पोराकडे वळली, कारण अर्धवट पुसून ठेवायचं नसतं. गाल स्वच्छ होईपर्यंत पुसला. रुमाल पेटीत अंथरला, नाव वर येईल असा. हाडं रचली. कडेने लोंबणारे पक्षी आत दुमडले. सगळं करून झाल्यावर ती पेटीवर हात ठेवून बसून राहिली.

"याला घेऊन जाऊ शकत नाही मी," ती म्हणाली. "सीमेवर हाडं नेऊ देत नाहीत. मी विचारून आलेय. आणि तिकडे ठेवू कुठे? माझीच खोली भाड्याची." तिने आजूबाजूला बघितलं. तिच्या घरची एकही पेटी आता तिथे धड उरली नव्हती, एकही माणूस नव्हता. "पुढच्या वर्षी येणं झालं तर येईन. नाही झालं तर?"

तिने ब्रश उचलला आणि वेन्सेच्या हातात ठेवला.

"तू पुसायचंस. दरवर्षी, इथेच. मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही, नीट ऐक. पण मला इथे दुसरं कोणी नाही."

वेन्सेने ब्रश घेतला. रुफिनाने पेटी कोनाड्यात ठेवली. तेवढ्यात रस्त्यावरून गाडीचा भोंगा वाजला आणि अबुंदियोने दफनभूमीच्या फाटकापाशी येऊन त्याला हाक मारली.

त्या दिवशी स्वागताला त्याने हात वर केले नाहीत. देवळं दाखवली, गुहेत उतरला. शेवटच्या दालनात दिवा रिकाम्या खोबणीवर पडला होता, बाजारचं भांडं तेवढं होतं. पाहुणे थबकले. एका तरुणीने मोबाइलवरचं चित्र त्याच्यापुढे धरलं.

"इथे एक लहान मूल असतं ना? बळी दिलेलं? ते कुठे आहे?"

"त्याची आई आली होती," वेन्से म्हणाला. "घेऊन गेली."

गाइड गमतीदार आहे असं वाटून सगळे मनापासून हसले.